पेंग्विनची खूण

बाबा,

मी कामावर निघाले. चहा थर्मासमध्ये आहे.

तुम्ही ऑनलाइन घेऊन पाठवलेला गेम मिळाला. माझ्या कॉम्प्युटरवर पेंग्विनवालंच चालतं, एवढं तुमच्या लक्षात राहिलं हेही खूप झालं. पण पेंग्विनची ती खूण गेमच्या नावाखाली बारीक असते. ती असली तरच गेम लिनक्सवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या सिस्टिमवर, चालतो. तुमच्या गेममध्ये पेंग्विन स्वतःच नायक आहेत, आणि तो चालतो फक्त विंडोजवर. ऑनलाइन स्टोअरला विचारलं तर म्हणे, लिनक्सचं आम्ही बघत नाही, हवं तर परत करा.

परत केला नाही. बरीच डोकेफोड करून विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा एक प्रोग्रॅम मधे घातला, आता चालतो. आवाज जरा फाटतो.

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागल्याचं सांगितल्यापासून आपण एकमेकांशी धड बोललेलो नाही. हा गेम दोघांचा आहे. दोघांनी एकमेकांना सांगत सांगत नदी ओलांडायची असते. मी एकटीनेच दोन्ही कंट्रोलर धरून बघितलं. दोन्ही पेंग्विन बुडाले.

तुमचा कंट्रोलर चार्जिंगला लावलाय, काढू नका. संध्याकाळी लवकर येते.