निम्म्या लाकडाची चूल

मंगळवार, पौष, १९८६

जंगलाच्या गार्डनं आज माझ्या सुनेचा कोयता काढून घेतला. म्हणाला, "तुमच्याकडं सरकारी चूल हाय. निम्मं लाकूड पुरतं, कागदावर तसं लिहिलंय. आता आठवड्याला एकच मोळी."

लिहिलं चूल बघायला आलेल्या पालघरच्या साहेबानं, पण सांगितलं मीच. त्यानं चुलीचं कौतुक केलं आणि मी फुगले. स्वयंपाकाला निम्मंच लागतं, खोटं नाय. पण लेक बाळंत होऊन घरात हाय. तिचं अंघोळीचं पाणी बाहेर तीन दगडांवर तापतं, ते का नाय सांगितलं? एवढी कसली हौस? एका मोळीत तिला शेकू कशी?

उद्या गार्डाकडं मी जाणार. सुनेनं मागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाय. साहेबापुढं बडबडले मी, उत्तर मीच देईन.