ओकच्या पानांचं नातं

विमिनाकियम, मीसिया सुभा
सप्टेंबरचा आरंभ

ती. तेर्तुलाताईस,
ऑलसचा कृ. सा. न. वि. वि. तू खुशाल असशील तर मीही खुशाल.

हे पत्र घेऊन येणाऱ्या गाडीतूनच तुझ्याकडे तारियसबाबा येताहेत. रागावू नकोस. डॅन्यूबकाठचा हा हिवाळा त्यांच्या छातीला झेपणार नाही, असं वैद्य म्हणतो. मी सुभेदार, सम्राटांच्या परवानगीवाचून मला सुभ्याची वेस ओलांडता येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी शहाणपणा करून घोडा दलदलीत घातला आणि पडलो, तेव्हा हा साधा शिपाई ढाल घेऊन माझ्यावर उभा राहिला. ज्याचा जीव वाचला त्याने स्वतःच्या हाताने ओकच्या पानांचा मुकुट विणून वाचवणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि जन्मभर त्याला वडील मानायचं, ही आपल्या फौजेची रीत. खानदानी पोरं ती शिताफीने टाळतात. मी त्याच संध्याकाळी सगळ्या छावणीसमोर मुकुट विणला. पुढे पलटणीचा सरदार झालो, रोमचा कॉन्सल झालो, आज हा सुभा हाकतो आहे. ते सगळं त्या ढालीमागून आलं.

त्यांना बायकामुलं नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी एकच मागितलं, की आपला शेवटचा श्वास कुणीतरी आपल्या माणसाने ओठांवर ओठ ठेवून टिपावा. तो मुलाने टिपायचा असतो. मी परवानगी मागितली आहे, येतोच. तोवर त्यांना जेवताना आपल्या बाबांच्या रिकाम्या जागी बसव.

माझ्यावरचा लोभ काही दिवस कमी केलास तरी चालेल, तेवढा त्यांच्याकडे वळव.
तुझा, ऑलस

रोम
नोव्हेंबर

चि. ऑलस यास अनेक आशीर्वाद.

तुझे वडील पोचले. जेवणाच्या पलंगावर बाबांच्या जागी बसवायला गेले तर म्हणतात, आडवं पडून जेवणं आजाऱ्याचं काम. स्वयंपाकघरात तिवईवर बसून आचाऱ्याबरोबर घेवड्याची आमटी ओरपतात. पापिरियस घराण्याचा पाहुणा चुलीपाशी! शेजारणी काय बोलत असतील ते विचारू नकोस.

परवा नाटकाला जायचं म्हणाले, आणि तो वाळका पाला डोक्यावर. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आम्ही आत शिरलो आणि त्या पाल्याच्या मानाला अख्खं सेनेट उठून उभं राहिलं रे. आपल्याला कायम पाण्यात पाहणारा तो म्हातारा सेनेटरसुद्धा. ते सेनेटच्या शेजारी बसले आणि पहिल्याच प्रवेशाला घोरायला लागले. मी मात्र नाटकभर रडत होते. तू मेला असतास हे इतक्या वर्षांत मला कधी नीट कळलंच नव्हतं. घरी पत्रात तू पडलो एवढंच लिहिलं होतंस, लबाडा.

दिवाणखान्यातल्या कपाटापुढे ते रोज उभे राहतात. आपल्या वाडवडिलांचे मेणाचे मुखवटे बघतात, हे कोण, ते कोण विचारतात. त्यांना स्वतःच्या आजोबांचं नावही ठाऊक नाही. तुमच्या अंत्ययात्रेत पुढे या मुखवट्यांतले एवढे पूर्वज चालतात, माझ्यापुढे फार तर बापाचं खेचर चालेल, असं म्हणून हसले. त्यांचे वडील खेचरं हाकायचे. मला हसू आलं नाही.

खोकला वाढला आहे. लवकर ये.
तुझी ताई

विमिनाकियम
डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सम्राटांचं उत्तर आलं. नदीपलीकडच्या विजयाबद्दल विजयवीराचा पोशाख, चौकात पुतळा, आणि सुभा आणखी एक वर्ष. परवानगीचं नाव नाही. सारी छावणी माझं अभिनंदन करते आहे आणि मी तोंड लपवून फिरतो आहे.

मी शब्द दिला होता, ताई. ते वाट बघत असतील. त्यांना सांग, की ऑलस येत नाही, त्याला येऊ देत नाहीत. तुझ्यापुढे पदर पसरतो, त्यांना एकटं जाऊ देऊ नकोस.
तुझाच, ऑलस

रोम
जानेवारी

चि. ऑलस यास आशीर्वाद.

तारियसबाबा गेले. तुझा निरोप सांगितला, तर म्हणाले, पोरगा नोकरीवर आहे, नोकरी सोडून आला असता तर मीच कान धरला असता. मग माझा हात धरला. शेवटचा श्वास मी टिपला. मुलगा नसला तर मुलीने टिपायचा, आणि तुझे वडील ते माझेही.

मुखवटे बाहेर काढले तेव्हा चुलतभाऊ तणतणत आला. हे रक्ताच्या माणसासाठीच निघतात म्हणाला. मी त्याला विचारलं, की ऑलसचे वडील ते, मग ऑलसचे पूर्वज त्यांचे कोण? तो वाटेतून बाजूला झाला. तर सगळे निघाले, कॉन्सल, सेनापती, झाडून सगळे. नट ते मुखवटे चढवून रथांत बसले होते. आणि सगळ्यांच्या पुढे मी एक खेचर चालवलं. लोक हसले. हसू देत.

तिरडीला एक माणूस कमी पडला. ती तुझी जागा होती. बाबांचा मुखवटा घातलेल्या नटाला मी रथातून खाली उतरवलं. ऑलस, आपल्या बाबांनी त्यांना खांदा दिला.

तुला परत दिल्याबद्दल त्या माणसाचे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानून झाले. तुझ्या पुतळ्याच्या डोक्यावर ओकची पानं घालायला सांगू नकोस, ती त्यांच्याबरोबर गेली. जेवत जा.
तुझी ताई