फौजेच्या चुलीचा लखोटा

५ जानेवारी, रविवार
नवी वही. म्हणजे माझ्या लेकीच्या, अलिनाच्या मागच्या वर्षीच्या सायन्सच्या वहीची कोरी राहिलेली पानं. बिस्मिल्लाह.
ठराव दोन. फज्रच्या, पहाटेच्या नमाजानंतर परत झोपायचं नाही. टेंडरबद्दल घराबाहेर एक अक्षर काढायचं नाही.
टेंडर असं: इथल्या, आखातातल्या फौजेला चाकांवरची स्वयंपाकघरं हवीत, परदेशी कारखान्यातली. बारा ट्रक. एका ट्रकवर चारशे शिपायांचं जेवण. अलिनाचे अब्बा ज्या एजन्सीत टेंडर क्लार्क आहेत ती जर्मनीवाल्यांची एजंट. त्यांचे मालक अम्मारसाहेब स्पष्ट बोललेत, की ऑर्डर आली तर मुनाफ, तुझा व्हिसा दोन वर्षं पुढे. नाही आली तर फेब्रुवारीअखेर खलास. आणि अलिनाची दहावीची परीक्षा मार्चात.
मला काळजी नाही. मामला स्वयंपाकघराचा आहे आणि घरात मी आहे.

६ जानेवारी
फज्रनंतर झोपले. थंडी फार होती. उद्यापासून.

७ जानेवारी, मंगळवार
वरच्या मजल्यावरच्या चारुलताताई कोथिंबीर मागायला आल्या. टेंडरचं काही बोलले नाही. फक्त जर्मनी, बारा ट्रक आणि व्हिसाचं, एवढंच. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो नूरभाभी, आमच्या जयप्रकाशांची कंपनीपण त्याच टेंडरला आहे, कोरियाचा माल घेऊन. मी मनात म्हटलं, किती भोळी बाई! सगळं ओकून गेली. मी गप्पच बसले होते.

१० जानेवारी, शुक्रवार
जर्मनीहून आलेला साहेब घरी जेवायला. अलिनाच्या अब्बांनी बोलावला, घरचं जेवण पाहिजे म्हणाला होता. त्याच्या ट्रकच्या माहितीपुस्तकात बटाटे उकडायचं भांडं आहे, वाफेचं भांडं आहे, पण भात दमावर कुठे ठेवायचा ते कुठेच नाही. मी विचारलं. अलिनाने इंग्रजी केलं. साहेब म्हणाला, व्हेरी इंटरेस्टिंग. अलिना मला म्हणाली, अम्मी प्लीज, इट्स अ मिलिटरी ट्रक. मी म्हटलं, शिपाई काय वाफ खाऊन लढणार?
साहेबाने दोनदा पुलाव घेतला. कोळंबीच्या सालींसकट. कंत्राट आपलंच.

१४ जानेवारी
अब्बांनी खराब झालेल्या प्रिंटचा गठ्ठा आणला. टेंडरचे नियम, दोनशे बारा पानं, एका बाजूला पूर्ण कोरी! टाकायला निघाले होते. चांगला जाड कागद. या पानांवर माझी वर्षभराची बाजाराची यादी निघेल. पहिल्या पानावर कांदे, लसूण, सुकं बोंबील लिहून टाकलं.

१७ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ११:४०
आज मोठं काम माझ्या हाती. लखोटे बंद करायचे. अब्बा म्हणाले, नूर, तुझा हात स्वच्छ, तूच चिकटव. एका लखोट्यात मालाची माहिती, दुसऱ्यात किंमत, मग दोन्ही बाहेरच्या मोठ्या लखोट्यात. सगळं लावून ठेवलंय, फक्त बंद कर. आणि जुम्म्याच्या नमाजाला गेले.
बाजारचा डिंक महाग. मैद्याची खळ शिजवली.
आता किमतीचा कागद म्हणजे एकच पातळ पान, आणि त्याच्यासाठी कोरा करकरीत, आतून कापड लावलेला लखोटा! हा इसराफ. फिजूलखर्ची करणारे शैतानाचे भाऊ, कुराणात आहे. शिवाय एवढं पान कुठेतरी पडलं तर? कमिटीचे साहेब लोक शोधत बसतील. ते पान मी त्यातून काढून माहितीच्या फाईलवर पहिलंच ठेवलं. उघडलं की समोर. सोय.
एक लखोटा वाचला. सील करायची लाखही अर्धी वाचली. रिकामा लखोटा पिठाच्या डब्यामागे ठेवला. शुक्र म्हणून दोन रकात नफल नमाज पढले.

१९ जानेवारी, रविवार
लखोटा पोचला. अम्मारसाहेब म्हणाले, पॅकिंग फर्स्ट क्लास. अब्बांनी घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, मॅट्रिकला बहात्तर टक्के उगाच नव्हते.

२२ जानेवारी, बुधवार
आज लखोटे उघडले. अब्बा चारलाच घरी. जेवले नाहीत. सरंग्याचं सार होतं.
म्हणाले, आपली फाईल वाचलीच नाही. उघडली, वर किंमत दिसली, बाजूला ठेवली. बाद. आधी माल बघायचा, किंमत नंतर, असा नियम. दोन्ही एकत्र आले तर बाहेर.
मी म्हटलं, कसले मूर्ख नियम! त्यांनी मला काही विचारलंपण नाही.

२३ जानेवारी
बाजाराची यादी काढली. कांदे, लसूण, सुकं बोंबील. उलटी केली. मागे तोच किमतीच्या वेगळ्या लखोट्याचा नियम छापलेला, ठळक अक्षरात, खाली रेघ. इंग्रजी मला वाचता येतं. मी पान उलटलंच नव्हतं.
हा योगायोग. दुसऱ्या कोणीतरी ऑफिसात पान सरकवलं असणार. अब्बा वेंधळे आहेतच.

२४ जानेवारी, शुक्रवार
कंत्राट कोरियाला. चारुलताताई मिठाई घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, भाभी, लखोटे उघडले तेव्हा आमचे जयप्रकाश तिथे होते. अम्मारसाहेबांनी विचारलं, हे कोणी केलं? मुनाफभाई उभे राहून म्हणाले, मीच, घाईत एकत्र घातलं.
मिठाई तशीच झाकून ठेवली. दात दुखत असेल.

२६ जानेवारी, रविवार
फज्रनंतर झोपले नाही. झोप लागलीच नाही.
अम्मारसाहेबांनी अब्बांना ऑफिसातून काढून तिकडे लांब अस्कर भागातल्या गोडाऊनला टाकलं. पगार कमी. व्हिसा एप्रिलपर्यंत, मुलीची परीक्षा आहे म्हणून. पण माफीपत्र लिहून द्यायचं, सीलबंद.
संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं. एकच पातळ पान. मी म्हटलं, बाजारातून लखोटा आणा.
म्हणाले, कशाला? पिठाच्या डब्यामागे आहे ना, तो दे.
मी आणून दिला. ते म्हणाले, खळ लाव, पण नूर, यात दुसरं काही घालू नकोस.