मधल्या रकान्यातलं नाव

४ ऑगस्ट, सोमवार

संपलं! पेरोलमधून, म्हणजे पगाराच्या ऑफिसातून, मेल आलाय. माझ्या टॅक्स डिक्लरेशनवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. शुक्रवार १५ तारखेपर्यंत ऑफिसात येऊन दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या शिफ्ट्स लावता येणार नाहीत. खाली 'काइंड रिगार्ड्स, जॅनिस'. काइंड कसलं डोंबलाचं!

कॅफेच्या मागे कचऱ्याचे डबे असतात तिथे उभी राहून वाचला. हात साबणाचे. शॅरन, आमची मॅनेजर, आतून ओरडली, "यू ओके, डार्ल?" म्हटलं, यॅ यॅ, नो वरीज. मग दुधाचा जग हातातून सुटला.

५ ऑगस्ट, मंगळवार

नीट लिहून काढते. म्हणजे मी काय केलंय ते मला तरी कळेल.

जूनमध्ये इथे अॅडलेडला युनिव्हर्सिटीच्या या कॅफेत लागले तेव्हा पहिल्या दिवशी फॉर्म भरायचे होते. बँकेचा, सुपरचा (म्हातारपणचे पैसे म्हणे — मला अजून विशी धड पचली नाही!), आणि टॅक्सचा. त्यात टॅक्स फाइल नंबर लिहायचा, नाव लिहायचं, खाली सही. मी एकटीच बसले होते टेबलापाशी. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने फॉर्म भरत होते.

कारण घरी फॉर्म बाबा भरतात. सगळ्यांचे. आईचेसुद्धा. भरून झाला की कागद समोर सरकवतात आणि एका जागी बोट ठेवतात. "इथे सही कर." आई करते. काय आहे ते विचारत नाही. मी एकदा विचारलं होतं. बोट तसंच राहिलं, नुसतं एकदा टकटक वाजलं.

तर त्या फॉर्मवर पहिलं नाव — कादंबरी. मग मधला रकाना. हात आपोआप मुरलीधर लिहायला गेला. शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या मार्कशीटवर, सोडून दिलेल्या दोन्ही कॉलेजांच्या आयकार्डांवर, पासपोर्टवर, सगळीकडे तेच. आणि पेन थांबलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. बोट नव्हतं. मी लिहिलं — लीना.

आईचं नाव. एवढं भारी वाटलं होतं की त्या दिवशी स्टेशनपर्यंत चालत न जाता पळत गेले.

आता भोगा!

७ ऑगस्ट, गुरुवार

नुपूरला सांगितलं. माझी रूममेट, ठाण्याची, डेटाचं मास्टर्स करते आणि तिला सगळं माहीत असतं. ती मॅगी ढवळता ढवळता थांबली.

"तू टॅक्सच्या फॉर्मवर खोटं नाव लिहिलंस?"

"खोटं काय? आई आहे ती माझी."

"अगं बाई, तिथे कोणाची आई कोण कशाला बघतंय! सहीच्या वर काय लिहिलेलं असतं? दिलेली माहिती खरी आहे. खोटी दिली तर दंड. वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. सही कुठे करायची तेवढी जागा बघितली होती.

"विसावर येऊ शकतं हां," ती म्हणाली. "आणि घरी पण कळवतील कदाचित. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट कोण दिलायस?"

बाबा. नंबर पण त्यांचाच. आईचा नंबर म्हणजे तरी काय, सिम बाबांच्या नावावर, ओटीपी बाबांच्या फोनवर, रिचार्ज बाबांचा, आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी फोन त्यांच्या हातात. मी आईला कधी मनातलं लिहिलेलंच नाही.

बाबांना मी नोकरी करते हेच माहीत नाही. "शिकायला पाठवतोय, कपबशा धुवायला नाही." फीचं कर्ज त्यांच्या सहीवर आहे. ती सही त्यांनी काढून घेतली की मी पुढच्या विमानाने चिंचवडला. आणि ही नोकरी गेली तर भाडं भरता येणार नाही, मग त्यांनाच सांगावं लागेल, मग तेच. दोन्हीकडून तिथेच पोचते!

दंड किती ते शोधायला बसले. मग इथल्या झाडांवरच्या पोसम नावाच्या प्राण्याची पिल्लं आईच्या पाठीवर बसून जातात त्याचे व्हिडिओ बघत बसले. दंडाचं राहिलंच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ऑफिसच्या दारापर्यंत गेले. तळ्यावर काळे हंस उतरले होते. ते बघता बघता ऑफिस बंद झालं.

१० ऑगस्ट, रविवार

घरचा व्हिडिओ कॉल. बाबा मध्ये, आई मागे अर्धी दिसते, भाजी निवडत.

"हात का लाल झालेत?"

"थंडी आहे बाबा. अॅडलेडला ऑगस्ट म्हणजे थंडी."

"ग्लोव्हज घालत जा. काम-बिम करत नाहीस ना?"

"नाही."

मागे आईची मान खाली. तिला माहितीय. तिला कसं कळलं देव जाणे, मी सांगितलेलं नाही. मागे एकदा बाबा पाणी प्यायला उठले तेव्हा पटकन म्हणाली होती, "तव्याचा चटका बसला का गं? खोबरेल लाव." बस. एवढंच.

फोन ठेवल्यावर खिडकी उघडून उभी राहिले. थंडीत!

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज पळून जात होते. खरंच.

कॅफेत कोलंबियाची एक मुलगी आहे, ती सांगत होती की बेरी नावाच्या गावाला संत्री उतरवायचं काम मिळतं, कोणी काही विचारत नाही, झाडावर चढलं की झालं. मला तेवढंच ऐकू आलं — कोणी काही विचारत नाही. क्लास बुडवला, बॅगेत दोन जीन्स आणि चिवड्याचं पाकीट टाकलं, ट्रेनने सिटीत, तिथून बस स्टेशन. क्लास सोडून गेलं तर विसा खरोखरच जाईल हे माहीत होतं. तरी पाय चालतच होते. मी अशीच आहे. बीकॉम असंच सोडलं, ते डिझाइनचं पण असंच. दार दिसलं की बाहेर.

बस लागली. ड्रायव्हर म्हातारा, शॉर्ट्समध्ये, या थंडीत! हातात यादी.

"नेम, लव्ह?"

"कादंबरी."

"द होल थिंग."

आणि मला नाव सांगता येईना! पूर्ण नाव काय माझं? कुठलं सांगू म्हणजे सापडणार नाही? मागे रांग. तो वाट बघतोय, पेन धरून, अगदी शांतपणे. पळून जायच्या बसलाही यादी! मी म्हटलं, सॉरी, राँग बस. तो म्हणाला, "हॅपन्स, मेट."

बाकावर बसून सगळा चिवडा खाल्ला. रडले पण थोडी. मग परत आले.

१३ ऑगस्ट, बुधवार

गेले. आत गेले! नुपूर दारापर्यंत सोडायला आली आणि मागून ढकललं.

जॅनिस आईच्या वयाची आहे. कीबोर्डशेजारी विणकाम. मी पासपोर्ट पुढे केला पण हातातून सोडलाच नाही, शेवटी तिने तो दोन्ही हातांनी धरला, पासपोर्ट आणि हात दोन्ही.

"हू'ज लीना, हन?"

"माय मम."

"ऑ, दॅट्स लव्हली. कान्ट हॅव इट, बट." इथे बट शेवटी लावतात.

तिने विचारलं, मधलं नाव वडिलांचं का असतं? म्हटलं, आमच्याकडे असतंच. मुलीचं वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. "अँड युअर मम्स?" म्हटलं, लीना मुरलीधर. ती म्हणाली, "सो ही'ज इन द मिडल ऑफ एव्हरीबडी." आणि हसली. मला हसू आलं नाही.

नाव न जुळल्यामुळे माझा जवळजवळ निम्मा पगार टॅक्समध्ये कापला जात होता म्हणे. मला वाटलं इथे असाच कापतात! ते वर्षाअखेर रिटर्न भरल्यावर परत मिळेल. पण फॉर्मवर सही केलेली असल्यामुळे नुसतं खोडून चालणार नाही. शपथपत्र लागेल. खरं नाव कोणतं आणि दुसरं का लिहिलं. उद्या लायब्ररीत जेपी म्हणून कोणी बसतात, त्यांच्यासमोर सही करायची, शुक्रवारी आणून द्यायचं.

विसाचं काय, ते विचारायचं होतं. न विचारताच बाहेर आले.

शपथपत्र! घरी शपथपत्र म्हणजे कोर्टाबाहेरचे ते काळे कोट आणि बाबा. आज काही गिळलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेपी म्हणजे सह्यांना साक्षीदार म्हणून फुकट बसणारा एक आजोबा. लायब्ररीत, लहान मुलांच्या पुस्तकांच्या बाजूला. त्याच्या मागे भिंतीवर कागदी कोआला.

मी फॉर्म ठेवला. सवयीने सहीच्या जागेवर पेन नेलं आणि वाट बघत बसले. बोटाची. माझ्या नंतर लक्षात आलं की मी वाट बघत होते.

तो म्हणाला, "यू रेड इट?"

म्हटलं, यॅ.

"नो यू हॅव्हन्ट. रीड इट, लव्ह. आय'व गॉट ऑल आर्वो."

आर्वो म्हणजे दुपार. आणि तो खरंच खुर्चीत मागे टेकून बसला. मग मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक बोट — माझंच — ओळीखाली धरून. अवघड शब्द विचारले. त्याने सांगितले. खोटं शपथेवर सांगितलं तर शिक्षा आहे, तेही वाचलं.

कारणाच्या जागी मी लिहायला घेतलं होतं, मी चुकून आईचं नाव लिहिलं. आणि थांबले. चुकून नव्हतं लिहिलं. मग हेच खोटं झालं ना! शपथेवर! त्याला सांगितलं, इट वॉज नॉट बाय मिस्टेक.

"देन डोन्ट पुट दॅट," तो म्हणाला. जणू काही विशेष नाही.

मी लिहिलं, मी माझ्या आईचं नाव लिहिलं. पासपोर्टवर वडिलांचं आहे. पुढे काही नाही. तेवढं पुरलं.

मग जॅनिसने दिलेल्या जुन्या फॉर्मच्या कॉपीवर लीनावर एक रेघ मारायची, शेजारी मुरलीधर लिहायचं, आणि छोटी सही. रेघ मारली. सरळ आली नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बाबा सोसायटीच्या झेंडावंदनाला खाली गेले असणार, म्हणून इथल्या साडेअकराला आईला साधा फोन लावला. व्हॉट्सअॅप नाही, ते नंतर दिसतं. साध्या कॉलची यादी बाबा बघत नाहीत. निदान मला तसं वाटतं.

घाईघाईत सगळं सांगितलं. नोकरी, फॉर्म, तिचं नाव, पेरोल, लायब्ररीतले आजोबा. वाटलं, कट झाला.

"आई?"

"माझं नाव लिहिलंस?"

"हो. पण आता खोडलं गं. खोडावं लागलं. नाहीतर नोकरी —"

"ते राहू दे. सही कशी केलीस?"

"कशी म्हणजे? पेनने."

"कोणी बोट ठेवलं?"

"नाही. त्याने आधी वाचायला लावलं. सगळं. म्हणाला, वेळ आहे."

कुकरची शिट्टी झाली. आई उठल्याचं ऐकू आलं नाही. दुसरी झाली. मग म्हणाली, "सगळं वाचलं की कळतं का गं? आपल्यासारख्यांना?"

"नाही कळलं तर विचारायचं. ते सांगतात."

"बरं. ठेव. ते आले."

दुपारी जॅनिसला कागद दिले. शिक्का मारला. "ऑल डन." विसा? शेवटी विचारलंच. ती म्हणाली, "फॉर युअर मम? नाह." म्हणजे आईचं नाव लिहिलं म्हणून कोणी विसा काढून घेत नाही. मग म्हणाली, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट बदलायचा असेल तर तेही आत्ताच सांग. मी म्हटलं, नको. दुसरा नंबरच नाही माझ्याकडे.

बाहेर आले तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आईने तसं का विचारलं? बाबांनी ऐकलं असेल का? मी तिला फोन करायलाच नको होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शिफ्ट सुरू. पगार नीट आला. तरी अनोळखी मेल आला की आधी नुपूरला उघडायला देते. नुपूर म्हणते, "तुला आता घाबरायला काही उरलं नाही म्हणून तू घाबरतेस." हुशार!

३१ ऑगस्ट, रविवार

घरच्या कॉलवर आई नव्हती. बाबा म्हणाले, देवळात गेलीय. रविवारी? आई रविवारी देवळात जात नाही. मी विचारलं नाही. त्यांनी पण माझे हात बघितले नाहीत आज. मधूनमधून दाराकडे बघत होते.

७ सप्टेंबर, रविवार

आज कॉलच आला नाही. मी लावला तर बाबांनी उचलला नाही, आईचा बंद.

पुन्हा लावला. बंद.

८ सप्टेंबर, सोमवार

बंद.

१० सप्टेंबर, बुधवार

शिफ्ट संपता संपता मेसेज. भारतातला नंबर, अनोळखी. उघडायलाच भीती वाटली. शेवटी भांड्यांच्या सिंकशी उघडला.

'कादू, आई. हे सिम माझ्या नावावर घेतलं. फॉर्म मी भरला, आधी सगळा वाचला, दोन शब्द अडले ते दुकानातल्या मुलीला विचारले. मी चिपळूणला मावशीकडे आहे. परत जाणार नाही. ते तुला फोन करतील, घाबरू नकोस. मी घाबरलेय पण ठीक आहे. तुझ्या ऑफिसात अडीअडचणीला कोणाला कळवायचं ते लिहितात ना, तिथे हा नंबर दे.'

पावणेपाच झालेत. जॅनिस पाचला जाते. एप्रन अंगावरच आहे. पळते!