जुन्या कॅमेऱ्यातले सात फोटो

सिग्नेट,
रविवार, १६ जून

प्रिय ईवन,

तू बरा असशील. इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला जूनची थंडी बाधते, बाबांची शाळेची बस वेळेवर सुटते, मी सफरचंदाच्या बागेत छाटणीवर जातो. दिवसभर कात्री धरून बोटं अशी गारठतात की संध्याकाळी चमचा धरवत नाही, म्हणून अक्षर असं आलंय. "स्ट्रॉनला सामन माशांच्या पिंजऱ्यांवर ईवनचे हात काय झाले असतील," असं आई रोज एकदा तरी म्हणते. मला ऐकू जावं म्हणूनच म्हणते.

कागदावर लिहितोय, कारण दुसरा रस्ता तू ठेवला नाहीस. फोनवर मला बंद केलंस. घरच्या ऑनलाइन अल्बममधून निघून गेलास. बाबांच्या अल्बममधून आजवर कुणी गेलं नव्हतं. आजी नेलसुद्धा नाही, आणि तिला तर फोटो मोठा कसा करायचा तेही येत नाही.

फाडू नकोस. निदान शेवटपर्यंत वाच, मग फाड.

बाबा दहा रविवार फोटो काढायला कुठेही गेलेले नाहीत. दोन्ही कॅमेरे स्वयंपाकघरातल्या फळीवर आहेत. आई त्यांच्यावरची धूळ पुसते आणि परत तिथेच ठेवते. गेल्या शनिवारी मी म्हटलं, "बाबा, उद्या ऊन आहे म्हणतात." तर म्हणाले, "असेल." एवढंच.

आता टॅम्सिनचं. तुला वाटत असेल ती माझ्याशी बोलत असेल. नाही बोलत. मी रोज बेकरीत जातो, ती सॉसेज रोल कागदात गुंडाळून देते आणि विचारते, "सॉस?" मी हो म्हणतो. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघते. दोन महिने आमचं एवढंच संभाषण आहे. मला सॉस आवडत नाही, तुला माहीत आहे.

खरं लिहायला बसलोय तर लिहितो. मी तुझ्यावर जळतो, ईवन, आणि टॅम्सिनच्या आधीपासून जळतो. तू बाबांचा जुना कॅमेरा उचलतोस, कमरेवर धरूनच बटण दाबतोस, बघतसुद्धा नाहीस, आणि बाबा तो फोटो पडद्यावर बघून आईला हाक मारतात: "हेदर, हे बघ थोरल्याने काय काढलंय." मी दहा मिनिटं गुडघ्यावर बसून काढलेल्या फोटोला म्हणतात, "क्षितिज सरळ आहे." चौदा वर्षांचा असल्यापासून माझं क्षितिज सरळ आहे.

होबार्टचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की गणित झेपत नाही. झेपत होतं. टॅम्सिन इथे बेकरीत होती, आणि समोरच बोटींच्या कारखान्यात तू होतास. मी तिकडे वर्गात बसून हिशेब करायचो की आता साडेबारा वाजले, आता ईवन हात पुसत रस्ता ओलांडत असेल. अशा मुलाला शिकवून काय उपयोग होता? मी परत आलो. ती माझी आहे असं मी सगळ्यांना वाटू दिलं. तिने स्वतः तसं कधी म्हटलं नव्हतं. दोनदा सिनेमाला आली होती आणि मी बोलावलं की रविवारी आपल्याबरोबर यायची, बस.

तेव्हा बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलंस ना, मग रविवारचे फोटो तू बघत जा." तू नुसता काढायचास, पुढच्या कामात कधी पडला नाहीस, म्हणून सांगतो ते कसं चालतं. दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो संगणकात घ्यायचे आणि वेळेप्रमाणे एकाच रांगेत लावायचे, म्हणजे कुणी काय कधी काढलं ते आपोआप दोऱ्यात मणी ओवल्यासारखं एकामागून एक येतं. मग तारे द्यायचे. एक तारा म्हणजे टाकून द्या, तीन म्हणजे ठेवा, पाच म्हणजे अल्बमात. मग कडा कापायच्या, खाली ओळ लिहायची. बुधवारी संध्याकाळी बाबा शेवटची नजर टाकतात आणि स्वतः पाठवतात. अकरा माणसांना. त्यात टॅम्सिनची आईही आहे.

गेल्या उन्हाळ्यात तू आणि ती शेजारी शेजारी असलेल्या एकोणीस फोटोंना मी एक तारा दिला. चांगले होते. तो होडीतला तर फार चांगला होता. बाबांना मी सांगितलं हलला होता.

उरलेलं उद्या लिहितो.

मंगळवार

काल लिहिणार होतो, नाही लिहिलं. आज लिहितो.

ब्रूनी बेटावरचा तो रविवार. आपण दीपगृहाखालच्या किनाऱ्यावर साडेबाराला जेवायला बसलो. दीड वाजता मी आणि बाबा टेकडी चढून वर गेलो. खाली उतरलो अडीचला. तू म्हणालास गाडीत झोपलो होतो. टॅम्सिन म्हणाली ती आईबरोबर शिंपले वेचत होती.

रात्री फोटो रांगेत लावले, आणि वर दीपगृहावर मी काढलेल्या फोटोंच्या बरोबर मधोमध तुझे सात फोटो आले. एक पन्नास ते एक त्रेपन्न. नुसता तिचा चेहरा. मागे पाणी आणि आकाश. केस तोंडावर आलेले, ती ते बाजूला करतेय आणि हसतेय, आणि सरळ तुझ्याकडे बघतेय.

मी तिचे दोनशे बारा फोटो काढलेत. मोजलेत. त्यांतल्या एकातही ती अशी बघत नाही. माझ्या फोटोंत ती समुद्राकडे बघते, नाहीतर फोटो कधी संपतो याची वाट बघते.

तीन दिवस मी तेच सात फोटो बघत होतो. बुधवारी बाबा शाळेच्या सामन्याला मुलं घेऊन गेले होते, उशिरा येणार होते. मी सातही फोटोंच्या कडा कापल्या, चेहरा मोठा केला, कोपऱ्यात वेळ दिसेल अशी ठेवली, खाली लिहिलं, "ईवन गाडीत झोपलेला असताना," आणि बाबांना न विचारता अकरा माणसांना पाठवून दिलं.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं, पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय. तू दारातूनच विचारलंस, "हे काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, "दिसलं ते."

"अरे गाढवा, ते जेवतानाचे आहेत. तू शेजारी होतास."

"जेवायला आपण साडेबाराला बसलो. वाचता येतं ना? एक पन्नास."

आई म्हणाली टॅम्सिन तिच्याबरोबर होती. मी म्हटलं, "पूर्ण वेळ?" आणि आई बिचारी खरं बोलणारी, म्हणाली की मध्ये ती स्वतः खडकावर टेकली होती आणि टॅम्सिन थोडी पुढे गेली होती. मग बाबा आले. त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत, पडद्यासमोर उभे राहिले. मला विचारलं, "रीस, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं लावली होतीस?"

मी म्हटलं, "लावली होती."

तेव्हा बाबा तुला म्हणाले, "घड्याळ कशाला खोटं बोलेल, ईवन?" तू त्यांच्याकडे जसं बघितलंस ते मी विसरलेलो नाही. "मग घड्याळालाच विचारा," म्हणालास, आणि सकाळी तुझी खोली रिकामी होती. तूही आपल्याच घरचा, तेवढाच हट्टी. मूळ फोटो काढून दाखव, एवढं म्हणाला असतास तर तिथेच संपलं असतं.

आता ऐक.

त्या रविवारी पहाटे उन्हाळ्याची वेळ संपली होती. उन्हाळ्यात एक तास पुढे नेलेली सगळी घड्याळं परत मागे घ्यायची होती. शनिवारी रात्री बाबांनी नेहमीप्रमाणे दोन्ही कॅमेरे टेबलावर माझ्यासमोर ठेवले आणि सांगितलं, "मी झोपतो. दोन्ही मागे घे." मी त्यांचा घेतला. जुना हातात घेतला तेवढ्यात टॅम्सिनचा निरोप आला: उद्या वारा असेल का, जाकीट आणू का. मी वाऱ्यावर चार ओळी लिहिल्या. मग त्या खोडून दोन लिहिल्या. मग नुसतं "आण" लिहिलं. कॅमेरा तसाच, एक तास पुढे, पिशवीत गेला.

तुझे फोटो बारा पन्नासचे आहेत. जेवतानाचे.

आणि हे मला आज कळलेलं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात बागेतल्या पिवळ्या पानांचा फोटो काढावा म्हणून मी जुना कॅमेरा उघडला, तर स्वयंपाकघरातल्या घड्याळात चार आणि कॅमेऱ्यात पाच.  मग मूळ फोटो काढले, न कापलेले. सातांपैकी पाचांत तिच्या उजव्या हाताला, अगदी कडेला, हिरवी बाही आहे. कोपर टेकलेलं, हातात अर्धा खाल्लेला सॉसेज रोल. कापताना मला वाटलं होतं काहीतरी हिरवं मध्ये येतंय. ती माझी बाही आहे, ईवन. मी तिला चिकटून बसलो होतो.

सहा आठवडे मी हे कुणाला सांगितलं नाही. का, ते लिहायला मला दोन दिवस लागले. तू स्ट्रॉनला होतास. ती तुझ्याशी बोलत नव्हती, लोक बोलतील म्हणून. बाबा तुझं नाव काढत नव्हते. मला वाटलं, थोडं थांबलो तर ती सॉसच्या पुढे एखादं वाक्य बोलेल. तू आलास तर ते कधीच होणार नाही.

आणि घड्याळाचा घोळ सुटला म्हणून माझी जळजळ गेली असं समजू नकोस. उलट वाढली. चोरून भेटलात म्हणून ती तशी बघतेय, असं तरी मला म्हणता येत होतं. आता कळतं की सगळ्यांच्या देखत, आई मीठ शोधत असताना, मी शेजारी तोंड भरून बसलेला असताना ती तशी बघत होती. तुम्ही दोघांनी काही केलं नव्हतं. तेच मला सोसत नाही.

गुरुवार

काल बाबांना सांगितलं. ते टेबलाशी बसची कागदपत्रं भरत होते. सगळं ऐकलं. मग विचारलं, "त्या दिवशी मी ईवनला काय म्हटलं होतं?"

"जाऊ द्या ना, बाबा."

"काय म्हटलं होतं?"

मला ते उच्चारून दाखवावं लागलं. बाबा म्हणाले, "हं." उठले, फळीवरचा जुना कॅमेरा घेतला, घड्याळ मागे घेतलं, परत ठेवला. मग बाहेर जाऊन लाकडं फोडत बसले. आई खिडकीतून बघत म्हणाली, "ऑगस्टपर्यंतची फोडून झाली, आता थांबवा त्यांना कुणीतरी." कुणी गेलं नाही.

मला बाबा काही बोलले नाहीत, आणि मला बरं नाही वाटलं. माझ्या जागी तू असतास तर तुला रागावले असते.

संध्याकाळी मी सात फोटो न कापता अल्बमात टाकले. खाली लिहिलं: "जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ मी मागे घेतलं नव्हतं. हे जेवतानाचे आहेत. हिरवी बाही माझी. ईवन आणि टॅम्सिन खरं बोलत होते." या वेळी पाठवायचं बटण बाबांनी दाबलं. आजी नेलने लगेच लिहिलं, "घड्याळं बदलतात त्या आठवड्यात मी देवाचंही ऐकत नाही. ईवनला कुणी जेवायला घालतंय का?" टॅम्सिनच्या आईने काहीच लिहिलं नाही.

आज दुपारी बेकरीत गेलो. गर्दी नव्हती. टॅम्सिन म्हणाली, "बघितलं मी."

मी म्हटलं, "चूक माझी होती."

"घड्याळाची चूक झाली असेल. खालची ओळ तुझीच होती ना?"

"माझीच."

"माझी आई आठवडाभर रस्त्याच्या पलीकडून चालत होती, रीस. लोकांना टाळून."

 मग तिने ते सात फोटो मागितले. मोठ्या आकारात. मी विचारलं, "कशाला?" म्हणाली, "असा फोटो माझा कधी कुणी काढला नाही." दोनशे बारा फोटो काढणाऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणाली. वाईट मनाने नाही म्हणाली, तिच्या लक्षातही आलं नाही. हेच तर.

मग तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं आईकडे आहे. माझ्याकडे होता, खिशात, याच पाकिटावर लिहिलेला. तो माझ्या तोंडून निघाला नाही. एवढा मी अजून सुधारलेलो नाही.

तिने दुपारच्या सुट्टीत आईला फोन केला. दुकान बंद करताना मला हाक मारली आणि पाकीट हातात दिलं. "टपालात जातोयस ना? हेही टाक." तुझं नाव, तिचं अक्षर. जाड आहे. मी ते घेऊन बोटींच्या धक्क्यापर्यंत गेलो आणि परत आलो. उघडलं नाही. उजेडाला धरून बघितलं, हे मात्र खरं. काही दिसलं नाही.

घरी ये. बाबा बोलावणार नाहीत, त्यांना लाज वाटते. आई बोलावील, पण रडेल आणि तू चिडशील. म्हणून मी बोलावतोय. आलास की काय होईल ते मला आत्ताच दिसतंय, आणि मी शहाण्यासारखा वागेन असं वचन देत नाही. एखादं भांडं फोडीन. तरी ये.

दोन्ही पाकिटं मी एकदमच टाकतोय, तुला एकाच दिवशी मिळतील. तिचं उघडलंस की माझं वाचायची तुला गरज राहणार नाही. म्हणून माझं आधी वाच.

तुझ्यावर जळणारा, तुझाच धाकटा,
रीस