तुझ्या डब्याचं गाणं

प्रिय काकू,

तुला पत्र! हसशील तू. आपलं सगळं फोनवर आणि व्हॉइस नोटवर चालायचं, आणि तुझी व्हॉइस नोट म्हणजे निम्मा वेळ मागे मिक्सर. पण आज आपलं गाणं दुसऱ्यांदा बाहेर आलं. ते दुसऱ्यांदा का आणावं लागलं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. काका तर सांगणारच नाहीत. म्हणून मी लिहितेय.

हो, आपलं गाणं. तू गेल्यानंतर मी केलं. लोक त्याला इलेक्ट्रोपॉप म्हणतात, तुझ्या भाषेत मशीनवरचं गाणं. तबला नाही, पेटी नाही, सगळं लॅपटॉपमधून. ठेका तेवढा खरा आहे, तो तुझ्या स्टीलच्या डब्याचा.

आठवतं ना? मी पुण्यात रेकॉर्डिंग साफ करायच्या नोकरीला लागले, त्या वर्षी भुलाबाईच्या सणाला नाचणगावला, तुझ्या घरी यायला रजा मिळाली नाही. मी फोनवर कुरकुर केली. तर तू काय केलंस? पोरींची गाणी आटोपल्यावर खाऊ ओळखायला लावतेस तसा डबा फोनजवळ धरून खळखळ वाजवलास आणि ती व्हॉइस नोट मला पाठवलीस. "वळख वं सोनल, काय आहे डब्यात?" गल्लीतल्या पोरींबरोबर मलाही कोड्यात घेतलंस! मी म्हटलं, फुटाणे. चूक. मग शेंगदाणे. तेही चूक.

कशी ओळखणार? तू चीटिंग करायचीस, काकू! शिऱ्याच्या डब्यात वाटी टाकून वाजवणारी बाई तू. आम्ही छातीठोकपणे चिवडा म्हणायचो आणि निघायचा शिरा. आज कबूल करून टाक.

तर त्या खळखळीवर मी गाणं बांधलं. सुरुवातीला तुझा प्रश्न, मग डबा, मग त्यावर सिंथचे सूर चढत जातात आणि मी गाते. शब्द माझेच, सणाला घरी न पोचलेल्या मुलीचे. चांगलं झालंय. उगाच नम्रपणा करत नाही मी, तुलाही तो कधी जमला नाही.

आणि चाललं गं! वर्ध्यात एका कॉलेजच्या गॅदरिंगला पोरी त्यावर नाचल्या. पुलगावात देवीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजलं. आईने वडनेरहून फोन केला, "गानं बेस आहे, पन इतकं धावते काऊन? टाळी धरता येत नाई." एका गृहस्थांनी गाण्याखाली कमेंटमध्ये लिहिलं की मी परंपरेचा डिस्को केला. मुंबईच्या एका बाईंनी भोंडल्याचं सुंदर गाणं म्हणून कौतुक केलं. त्यांना मात्र मी लगेच कळवलं की आमच्याकडे भुलाबाई असते. शिव्या चालतील, पण आमच्या भुलाबाईचं नाव बदललेलं चालणार नाही!

फक्त काकांचं बिनसलं. दुकानासमोर कुणाच्या फोनवर गाणं लागलं की ते उठून आत जायचे. गिऱ्हाईक काउंटरवर तसंच उभं. शेवटी तुझ्या लेकाचा, अमोलचा, फोन आला. "आईचा आवाज काढ त्याच्यातून. बाबाले तरास होऊन राह्यला."

मी म्हटलं, तो काढला तर उरतं काय?

"गानं तुयं आहे. आई आमची होती."

असा राग आला मला! वडनेरहून शाळेसाठी आले ते बारावीपर्यंत मी तुझ्याच घरी राहिले. माझ्या वेण्या तू घातल्यास, माझे रुसवे तू काढलेस. तू फक्त त्यांची होतीस? पण काकांना खरंच त्रास होत असेल तर माझ्या हट्टाला काय अर्थ? तुझा आवाज काढून मी वेगळं गाणं तयार केलं आणि दोन्ही घेऊन नाचणगाव गाठलं. ठरवू देत काकांनाच.

दुपारची वेळ होती, दुकानाचं शटर अर्धं खाली. आधी तुझ्याविना केलेलं वाजवलं. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे कोनाचं गानं आहे?"

मग पहिलं लावलं. तुझा आवाज आला आणि काका उठले. मी त्यांचा हात धरला. "काका, खरं सांगा. काकूचा आवाज काढून टाकू?"

"तिचा राहू दे. तू मले काऊन काढलं?"

"तुम्हाला? तुम्ही कुठे होता त्यात?"

"तिनं डबा वाजवला तवा मी बाजूलेच होतो. मी सांगाले गेलो, तर तिनं माया तोंडावर हात ठेवला. तुया गान्यात तिचं बोलनं येते अन् लगेच डबा. मधात मी नाई. आयकलं की वाटते, मी तिथं नव्हतोच."

मी तुझी मूळ व्हॉइस नोट काढली आणि फोन कानाला लावला. तुझा प्रश्न संपतो. मग एक दबलेलं "अं… ला…", मग तुझं हसू, मग डबा. कितीदा ऐकला होता मी तो तुकडा! आणि दरवेळी खरखर समजत होते. कामावर रोज करते तसं सफाईने पुसून टाकलं होतं. काकू, ते काका होते, तुझ्या हाताखाली.

"लाडू होते बेसनाचे," काका म्हणाले. "वाजाले म्हनून चार खारका टाकल्या होत्या. हाताले तूप होतं तिच्या, तसाच ठेवला माया तोंडावर." आणि ते रडायला लागले. मीही रडले. तू गेल्यावर आम्ही दोघं एकत्र रडलोच नव्हतो गं.

आज बाहेर आलेल्या गाण्यात काकांचं ते दबलेलं "अं… ला…" आणि तुझं हसू, सगळं आहे. काका सकाळपासून दुकानात तेच लावून बसलेत म्हणे, आणि अमोल आता वेगळ्याच कारणाने वैतागलाय. मघाशी पुलगावच्या डीजेवाल्याचा फोन आला. "ताई, सुरुवातीले आवाज खराब येऊन राह्यला. साफ करून पाठवा ना." मी म्हटलं, भाऊ, तसाच वाजवा.

काकू, उद्या कुणी हे गाणं आणखी वेगाने करेल, आणखी चकाचक करेल. करू देत. पण तुझ्या हाताखालचे काका मी पुन्हा कुणाला पुसू देणार नाही. शब्द देते.

तुझ्याच घरची,
सोनल