पिवळं कार्ड

फ्लॅगस्टाफ, बुधवार

प्रिय बाबा,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

प्रागच्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेहून मी मतदानाच्या आदल्या दिवशी निघाले, असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. बरेच जण विमानं पकडून गेले होते. मी सभागृहातच होते, आणि प्लुटोला ग्रहांतून काढायच्या बाजूने मी मतदानाचं पिवळं कार्ड वर धरलं.

तुम्ही टेकडीवरच्या वेधशाळेत तीस वर्षं पाहुण्यांना सांगायचात, "नववा ग्रह आमच्या गावात सापडला." निकालानंतर शेजाऱ्यांना म्हणायचात, "आमची लोर्ना तिथे असती, तर एकेकाची हजेरी घेतली असती तिने." मी मान खाली घालून ऐकायचे.

पुन्हा मतदान झालं तरी मी कार्ड वरच धरेन. प्लुटोच्या वाटेवर त्याच्यासारखे कितीतरी गोळे फिरतात, ते मी दुर्बिणीतून पाहिलेत.

काल तुम्ही मला ओळखलं नाहीत. बोटांवर ग्रह मोजत होतात. नेपच्यूनपाशी अडलात आणि मला विचारलंत, "बाई, पुढचा कुठला हो?"

मी तुमचं नववं बोट धरलं आणि म्हणाले, "प्लुटो. आपल्या गावचा."

तुमची,
लोर्ना